कोच स्पर्धेपुरता नसतो: ठाणे-नवी मुंबईच्या संस्थाचालकांना खुलं पत्र

प्रति,
ठाणे व नवी मुंबईतील महाविद्यालयांचे संस्थाचालक, प्राचार्य आणि जिमखाना समित्यांचे सदस्य यांस,

विषय: अ‍ॅथलेटिक्स कोचची नेमणूक बारमाही करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात ठाण्यातल्या एका महाविद्यालयाच्या सभागृहात आमच्या कोच सरांचा निरोप समारंभ झाला. महाविद्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे तिथे घडलं ते आणखी दहा ठिकाणी घडतंय आणि हे पत्र सगळ्यांनाच आहे. शाल झाली, श्रीफळ झालं, तुळशीचं रोप झालं. पाठीमागे फ्लेक्स होता. त्यावर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, कोपऱ्यात सर, आणि मोठ्या अक्षरांत सरांच्या कारकिर्दीतल्या पदकांचा आकडा. आम्ही माजी खेळाडू मागच्या दोन रांगांत बसलो होतो. आकडा वाचून सगळेच चुळबुळले. एवढी कमी? माझ्या बॅचच्याच पोरांनी त्याच्या निम्मी आणली असतील.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन विचारलं. कारकून बिचारा सरळ माणूस, त्याने खरं सांगितलं. आकडा नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, फाइलमधून उचलला होता. नॅकच्या स्वयंमूल्यांकन अहवालात पाचवा निकष विद्यार्थ्यांच्या प्रगतीचा. त्यात विद्यापीठ, राज्य, राष्ट्रीय पातळीवरच्या पदकांचा तक्ता भरावा लागतो, तोही गेल्या पाच वर्षांचा, आणि सांघिक पदक एकच धरतात. म्हणजे रिलेत चार मुली जीव तोडून धावल्या तरी तक्त्यात एक. असा तो पाच वर्षांचा आकडा सरांच्या दोन तपांहून मोठ्या नोकरीवर चिकटवून दिला. त्याआधीचं काही महाविद्यालयाकडे नाहीच.

मला राग त्या आकड्याचा नाही आला. आला तो त्याच आठवड्यात नोटीस बोर्डावर लागलेल्या कागदाचा. 'अ‍ॅथलेटिक्स प्रशिक्षक नेमणे आहे. कालावधी तीन महिने, एकत्रित मानधन, स्पर्धेपुरता.' दिवाळीनंतर या, पोरं पळवा, पदकं आणा, जा.

अ‍ॅथलेटिक्समध्ये 'स्पर्धेपुरता' कोच म्हणजे पेरणीला कुणी नाही आणि मळणीला मजूर हजर. असं का म्हणते ते सविस्तर लिहिते. तुमच्यातले बरेच जण क्रिकेट खेळलेले असाल, ट्रॅकच्या वाटेला गेला नसाल, म्हणून थोडं मुळापासून.

सरांचं वर्ष जूनमध्ये सुरू व्हायचं, प्रवेशाच्या रांगेत. एफवायची मुलं फॉर्म घेऊन उभी असायची आणि सर त्या रांगेच्या कडेने फेऱ्या मारायचे. उंच मुलगी दिसली की, 'शाळेत काय खेळायचीस गं?' कबड्डी म्हटलं की मान डोलवायचे, खो-खो म्हटलं की वही काढायचे. खो-खोची पोर वळणावर पडत नाही आणि शिट्टी ऐकून विचार करत बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्या ग्रुपमध्ये शाळेपासून अ‍ॅथलेटिक्स करत आलेले थोडेच. बाकी सगळे या रांगेतून उचललेले. मी स्वतः वक्तृत्व मंडळात नाव द्यायला आले होते, 800 मीटरला गेले.

मग पाऊस. ठाण्याचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. जून ते सप्टेंबर कॉलेजचं मैदान म्हणजे चिखल, आणि कोपऱ्यात डबकं. स्पर्धेपुरता कोच या काळात नसतोच, आणि खरं काम नेमकं याच काळात होतं. पळताना दम आधी वाढतो, स्नायू त्यामागून तयार होतात. हाडं आणि स्नायूबंध मात्र सगळ्यांत सावकाश. दम वाढला म्हणून पोरगं जोरात पळायला लागतं आणि नडगी अजून तयार नसते. नोव्हेंबरात कोच नेमून तीन आठवड्यांत पोरांना रोज स्पीडवर्क दिलं की डिसेंबरात अर्धी टीम नडगीला बर्फ लावून बसलेली दिसते, ती यामुळे. पोरं नाजूक आहेत, हल्लीच्या मुलांना सवय नाही, वगैरे तुम्ही म्हणता. सवय लागायला चार-पाच महिने द्यावे लागतात आणि ते महिने तुम्ही पगारातून वाचवलेले असतात.

सर पावसात आम्हाला येऊरच्या पायथ्याशी न्यायचे. उपवनपासून चढाला लागायचं, चालत-पळत, घड्याळ न लावता. पाऊस फारच असला तर कॉलेजचा जिना. तीन मजले वर, चालत खाली. खाली पळायचं नाही, गुडघे जातात. लायब्ररीच्या मॅडम ओरडायच्या, सर त्यांची माफी मागायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जिना. नवी मुंबईकडची मुलं ट्रान्सहार्बरने यायची, पहिली गाडी पकडून, नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून धावतच. ज्यांना रोज येणं परवडायचं नाही त्यांना सर सांगायचे, नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यानाला फेऱ्या मारा, मिनिटं लिहून आणा. आणि लिहून आणलेलं ते वाचायचे. हे महत्त्वाचं. न वाचणारा कोच पोरांना दोन दिवसांत कळतो.

आमचं मैदान लहान, फेरा जेमतेम 200 मीटरचा. दोरी, खुंटी आणि स्टीलचा टेप घेऊन सर स्वतः आखणी करायचे, शिपाईकाका मागून फक्की मारत यायचे. लहान फेऱ्याला वळण फार आवळ असतं आणि शर्यत नेहमी डावीकडेच वळते, त्यामुळे सगळा भार एकाच बाजूला. म्हणून वॉर्म-अपच्या निम्म्या फेऱ्या उलट्या दिशेने. बघणाऱ्यांना गंमत वाटायची. कॉमर्सच्या एका सरांनी तर विचारलंही होतं, 'तुमची टीम चुकली का?' लांब उडीचा खड्डा होता, पण त्यातली वाळू रोज सकाळी उकरायला लागायची, शिवाय रात्री मांजरांनी केलेली सोय आधी आवरावी लागायची. ही कामं कोणत्या पदाच्या जबाबदाऱ्यांत लिहिलेली असतात?

सरांच्या वह्यांबद्दल आता. फुलस्केप, रेघांच्या, वर्षाला एक. प्रत्येक खेळाडूला एक पान. वर नाव, राहण्याचं ठिकाण, घरी पोहोचायची वेळ, सकाळी काय खाऊन येते ते. खाली टायमिंग. मला स्वतःच्या पानावर सगळ्यात आधी काय दिसलं असेल तर 'चहा-बिस्किट' आणि त्याखाली दोन रेघा. टायमिंगचा त्यांचा नियम असा, की हातातल्या घड्याळाची वेळ तशीच लिहायची नाही. हाताने घड्याळ दाबणारा माणूस पिस्तुलाचा धूर बघून दाबतो, म्हणजे सुरुवातीला उशीर करतो, आणि शेवटची रेघ समोर दिसत असल्यामुळे तिथे तेवढा उशीर होत नाही. त्यामुळे हातघड्याळाची वेळ खऱ्याहून चांगली येते. तुलना करताना 100 आणि 200 मीटरला त्यात 0.24 सेकंद मिळवतात, 400 ला 0.14. विद्यापीठाच्या झोनल स्पर्धेत 12.6 लागले म्हणून नाचत आलेल्या मुलीच्या पानावर सर 12.84 लिहायचे. ती रडायची. पुढे इलेक्ट्रॉनिक घड्याळावर पळायची वेळ आली तेव्हा तिला धक्का बसला नाही, बाकीच्या कॉलेजांच्या मुलींना बसला.

या वह्यांचा उपयोग एकदा कसा झाला ते सांगते. आमच्यातल्या एका तिहेरी उडीवाल्याला सरकारी नोकरीत खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणातून अर्ज करायचा होता. त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. तिथे नुसतं प्रमाणपत्र दाखवून भागत नाही. स्पर्धा कुठली, निकाल काय, प्रवेशिका कुणी पाठवली, सगळं विचारतात. महाविद्यालयात त्या वर्षाचा एक कागद सापडला नाही. रंगकामाच्या वेळी जिमखान्याचं कपाट बाहेर काढलं होतं म्हणे, ते आत गेलंच नाही. सरांच्या घरी वहीत त्या वर्षाचा निकाल, प्रवेशिकेची कार्बन प्रत आणि प्रवासाच्या तिकिटांची झेरॉक्स चिकटवलेली होती. तो मुलगा आज पोलीस खात्यात आहे. तुमच्या पदकांच्या तक्त्यात हे कुठे बसवाल?

भाल्याची गोष्ट तर सांगायलाच हवी. पुरुषांचा भाला 800 ग्रॅमचा आणि लांबी अडीच मीटरच्या वर. मुलींचा 600 ग्रॅमचा, थोडा आखूड. स्पर्धा मरीन लाइन्सच्या विद्यापीठ पॅव्हेलियनवर. भाला टॅक्सीत मावत नाही आणि टॅक्सीला पैसेही नसायचे. मग ठाण्याहून लोकलचा लगेज डबा, मासळीच्या पाट्या आणि भाजीच्या गोण्यांमध्ये भाला आडवा, दोन्ही टोकांना सरांच्या जुन्या टॉवेलच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. दादरला उतरून पूल चढायचा, सकाळच्या गर्दीत, आणि पश्चिम रेल्वेवर पुन्हा लगेज डबा शोधायचा. भाला उभा धरायचा, टोक खाली, आणि पुढे एकाने वाट करत चालायचं. 'बाजूला व्हा, भाला आहे' असं दादरच्या पुलावर ओरडण्यात जी मजा आहे ती कुठल्याही मिरवणुकीत नाही! गंमत सोडा. माझा मुद्दा असा की, त्या दिवशी कॉलेजच्या बसेस इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलेल्या असायच्या आणि एकाही वर्षी तारखा जुळल्या नाहीत.

दसरा-दिवाळीच्या सुमारास, म्हणजे पाऊस सरून जमीन जरा घट्ट झाली की मैदान भाड्याने जायचं. गरबा, मग प्रदर्शन, मग लग्नं. संस्थेला उत्पन्न लागतं हे मला कळतं, मी काही हवेत बोलत नाही. पण मंडप उतरल्यावर खुंट्यांची भोकं तशीच राहतात. वरून माती बसते, दिसत नाही, आणि पळणाऱ्याचा पाय बरोबर तिथेच जातो. आमच्या एका हर्डलवालीचा घोटा असाच गेला आणि तिचं ते वर्ष संपलं. त्यानंतर मंडप उतरला की सर आम्हाला सगळ्यांना एका ओळीत उभं करून मैदानभर चालवायचे, हातात काठी, भोक सापडलं की माती दाबायची. तुमच्या भाडेकरारात 'मैदान पूर्ववत करून देणे' असं कलम असतं. ते पूर्ववत आहे का, हे कोण बघतं?

मुलींबद्दल वेगळं लिहिते, कारण मुलींची टीम टिकवणं हे मुलांच्या टीमपेक्षा वेगळं काम आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. लांब पल्ल्याच्या पळणारीला रक्त कमी असलं की ती आळशी दिसते. सराव करते, तरी टायमिंग जागचं हलत नाही. चांगला कोच तिला ओरडत नाही, हिमोग्लोबिन तपासून आणायला सांगतो. आमच्याकडे दर जुलैत सगळ्या मुलींचा रिपोर्ट वहीत चिकटवला जायचा. येऊरच्या एका पाड्यावरची वारली मुलगी होती, 5000 मीटरवाली. पहिल्या वर्षी ती प्रत्येक शर्यतीत तिसऱ्या किलोमीटरला बसायची. पुढच्या वर्षी, लोहाच्या गोळ्या आणि सरांनी रोज स्वतःच्या डब्यातून आणलेल्या गूळ-शेंगदाण्यांवर, ती विद्यापीठाच्या संघात गेली. मधलं अख्खं वर्ष तिच्या नावावर एकही पदक नव्हतं. तीन महिन्यांच्या करारातल्या कोचने तिला पहिल्या फेरीतच वगळलं असतं, आणि त्याचं चुकलंही नसतं, कारण त्याला निकाल द्यायचा असतो.

घरची समजूत हा निराळाच प्रकार. कळवा, दिवा, कोपरखैरणे, कुठे-कुठे सर गेले असतील. 'मुलगी काळी पडेल', 'शॉर्ट्स घालावी लागेल का', 'परत किती वाजता'. सर चहा घेत ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, 'ताई, तुम्हीच एक दिवस ग्राउंडवर येऊन बसा.' आया यायच्या, बसायच्या, दोन दिवसांनी दुसऱ्याच कुणाच्या मुलीला पाणी देताना दिसायच्या. तरीही या ठिकाणी मला एक कडू गोष्ट बोलायची आहे. मुलींच्या टीमसोबत बाई कोच किंवा निदान एक जबाबदार बाई हवीच, आणि मैदानाजवळ कडीकोयंडा लागणारी कपडे बदलायची खोली हवी. सर कितीही भले असले तरी या सोयी एका माणसाच्या भलेपणावर सोडून चालत नाही. आमच्या वेळी दोन्ही नव्हतं.

सरांची आरती ओवाळायला मी बसलेले नाही. ते तापट होते. उंच उडी त्यांना कळायची नाही, आणि कळत नाही हे कबूल करायला त्यांना फार वर्षं लागली. त्या काळात दोन-तीन चांगली पोरं वाया गेली असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला-त्याला 400 मीटरला लावायची त्यांना खोड होती. पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचसाठीचा सहा आठवड्यांचा कोर्स त्यांनी स्वतःच्या पैशाने, उन्हाळ्याच्या सुट्टीत केला, आणि आल्यावर सहा महिने प्रत्येक वाक्य 'पतियाळात' या शब्दाने सुरू व्हायचं. पण त्या कोर्सनंतर आमची रिले बदलली. त्याआधी सगळ्यात वेगवान मुलगी शेवटी, असा सरळ हिशेब असायचा. मग सुरुवात ज्या मुलीची चांगली ती पहिली, वळणावर जिचा तोल राहतो ती तिसरी, अशी जुळणी सुरू झाली. बॅटन बदलायची पट्टी तेव्हा 20 मीटरची होती आणि धाव घ्यायला मागे 10 मीटर, आता सगळी मिळून 30 आहे. त्या पट्टीच्या आत बॅटन हातात यायला हवी, नाहीतर टीम बाद. आम्ही कॉलेजच्या लांब व्हरांड्यात एकामागे एक उभ्या राहून 'हात!' ओरडत रोज बॅटन पास करायचो, लेक्चरला जाता-येता सुद्धा. चार मुलींपैकी एकही 100 मीटरला वैयक्तिक फायनलमध्ये नव्हती आणि रिलेत आम्ही दुसऱ्या आलो. 'आम्ही' म्हणते, पण मी राखीव होते.

कॉलेजच्या कोचला एवढं काय महत्त्व द्यायचं, असं ज्यांना वाटतं त्यांना एड टेंपल यांचं नाव सांगते. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमधल्या टेनेसी स्टेट विद्यापीठात ते मुलींचे कोच होते, 1950 च्या दशकापासून 1994 पर्यंत. काळ्या विद्यार्थ्यांचं विद्यापीठ, दक्षिणेतला वर्णभेदाचा काळ, रस्त्यावरच्या हॉटेलात मुलींना जेवायला बसू देत नसत, म्हणून ते गाड्यांतून टीम न्यायचे आणि जेवण बरोबर बांधून घ्यायचे. त्यांच्या हाताखालून 40 ऑलिंपिक खेळाडू निघाल्या आणि त्यांनी 23 पदकं आणली. लहानपणी पोलिओने पाय अधू झालेली विल्मा रुडॉल्फ त्यातलीच, 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं. त्यातलं एक 4 x 100 रिलेचं, आणि त्या रिलेतल्या चारही मुली टेंपल यांच्याच कॉलेजच्या होत्या. पण त्यांच्याबद्दल बोलताना लोक आणखी एक आकडा आवर्जून सांगतात. त्या 40 पैकी 39 जणींनी पदवी पूर्ण केली. कोचची कारकीर्द मोजायला त्या विद्यापीठाला हा आकडा सुचला. आपल्याकडे एखाद्या प्राचार्यांनी कधी विचारलंय का, आमच्या टीममधले किती जण टीवाय पास झाले? सर विचारायचे. 75 टक्के हजेरीसाठी प्राध्यापकांच्या दारात उभेही तेच राहायचे.

इतकं लांब नको असेल तर घरातली उदाहरणं घ्या. पी. टी. उषाचं 1984 च्या लॉस एंजेलिसला 400 मीटर अडथळ्यांत कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं. तिला लहान वयात हेरून वर्षानुवर्षं घडवणारे ओ. एम. नंबियार. 1985 साली द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्या तिघांत ते होते, कुस्तीतले आपले भालचंद्र भागवत होते आणि बॉक्सिंगचे ओ. पी. भारद्वाज. नंबियारांना पद्मश्री मिळाली ती 2021 मध्ये, त्याच वर्षी ते गेले. आणि आपल्या नाशिककडे बघा. सावरपाड्याची कविता राऊत 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरला कांस्यपदक घेऊन आली, या स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला. तिच्यामागे विजेंदरसिंग होते, नाशिकलाच ठाण मांडून बसलेले. यातलं कुणीही तीन महिन्यांच्या करारावर झालेलं काम नाही.

आता पैशाचं. प्रत्येक विद्यार्थ्याकडून तुम्ही दरवर्षी जिमखाना फी घेता. त्या फीचा हिशेब फलकावर लावा, मग कोच परवडतो की नाही यावर बोलू. शारीरिक शिक्षण संचालक हे मंजूर पद वेगळं. ते असलं तर त्या व्यक्तीच्या गळ्यात परीक्षा, प्रवेश, एनएसएसची गर्दी, वार्षिक संमेलन असं सगळं असतं. ते नसलं तर कुठल्यातरी विषयाच्या प्राध्यापकाला 'क्रीडाप्रमुख' करून मोकळे होता. दोन्ही परिस्थितींत पहाटे साडेपाचला मैदानावर उभा राहणारा माणूस कोच असतो. त्याच्या मानधनाचं पत्र दरवर्षी नव्याने, ऑगस्टच्या शेवटी, कधी सप्टेंबरात निघतं आणि आधीचे महिने त्याने फुकट केलेले असतात. सरांनी अनेक वर्षं असंच केलं. त्यांच्या पत्नी शाळेत नोकरीला होत्या म्हणून घर चाललं, हे त्यांनीच समारंभाच्या भाषणात हसत सांगितलं आणि मंचावरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून कळलेल्या नाहीत.

ठाणेकरांना पळायचं वावडं नाही. वर्षा मॅरेथॉनला भर पावसात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी असतात. दादोजी कोंडदेव क्रीडागृहाच्या आसपास पहाटे फिरून बघा, नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर रविवारी बघा. चाळिशीतले लोक महागडे बूट घालून कोच लावतात आणि त्याला महिन्याचे पैसे वेळेवर देतात. त्यांच्याच मुलांच्या कॉलेजात मात्र 'एकत्रित मानधन, स्पर्धेपुरता'.

तर मागणी करते. कोचची नेमणूक जूनपासून एप्रिलपर्यंत सलग करा आणि पत्र मे महिन्यातच काढा. निदान तीन वर्षांचा करार करा, कारण एफवायला आलेलं पोरगं टीवायला काय करतं ते बघितल्याशिवाय कोच चांगला की वाईट हे ठरवता येत नाही. तीन वर्षांनी काम पसंत नसेल तर खुशाल बदला, पण वही उघडून, पोरांशी बोलून बदला. एका महाविद्यालयाला हा खर्च झेपत नसेल तर शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून एक पळण्याचा कोच, एक उड्यांचा, एक फेकीचा असे ठेवा. उंच उडीवाल्या पोरांचं भलं होईल. मैदानाच्या भाड्यातून काही वाटा मैदानाच्याच दुरुस्तीला बाजूला काढा आणि गरब्याचा मंडप उतरल्यावर कोचची सही झाल्याशिवाय अनामत परत देऊ नका.

वह्यांबद्दल शेवटचं. सरांनी त्या आमच्या स्वाधीन केल्यात. आम्ही माजी विद्यार्थी त्या स्कॅन करतोय. हिमोग्लोबिनचे रिपोर्ट आणि घरचे तपशील वगळून बाकी सगळं, म्हणजे नाव, वर्ष, स्पर्धा, टायमिंग, अंतर, जून अखेर एका तक्त्यात तयार होईल. ती प्रत महाविद्यालयाला द्यायची आमची तयारी आहे, मूळ वह्या मात्र देणार नाही. कपाटाचं काय झालं ते आम्हाला माहीत आहे. प्रत हवी असेल तर प्राचार्यांनी लेखी मागावी. नव्या कोचला हवी असेल तर लेखी वगैरे काही नको. सर अजूनही रोज सकाळी सहाला उपवनला फिरायला येतात, त्यांनाच गाठावं. फक्त चहा-बिस्किट खाऊन येऊ नये.

आपली,
महाविद्यालयाची माजी विद्यार्थिनी आणि 800 मीटरची धावपटू,
कळवा, ठाणे